बाळाची रात्र संध्याकाळी सातला सुरू होते

थोरलीच्या वेळची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा. मांडीवर हलवून हलवून ती एकदाची झोपली. मी श्वास रोखून तिला गादीवर ठेवलं, मानेखालचा हात मुंगीच्या पावलाने सोडवत आणला आणि अगदी शेवटी बांगडी बांगडीवर वाजली. टक्क डोळे उघडे. पुन्हा मांडी, पुन्हा पाऊण तास. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळीच बांगड्या काढून ठेवायला लागले, आणि पुढे कितीतरी दिवस मला वाटत होतं की घोळ बांगड्यांचाच आहे.

धाकट्याच्या वेळी कळलं की साडेअकराला जे होतं ते सातलाच ठरलेलं असतं. दिवेलागणीनंतर घरात काय चालतं, कुठल्या क्रमाने चालतं, यावर बाळाची रात्र अवलंबून असते. खाली लिहिलंय ते साधारण ४ महिने ते दीड वर्षाच्या बाळांसाठी आहे. त्याहून लहानांचंही सांगते, पण तिथे अपेक्षा आधीच कमी करून ठेवा.

झोपलेलं बाळ का उठतं?

मोठ्या माणसाच्या झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची असते, तान्ह्या बाळाची ५० ते ६० मिनिटांची. नवजात बाळाचा झोपेतला जवळजवळ निम्मा वेळ हलक्या झोपेत जातो. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मधेच हसू फुटतं. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवतेय. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी या डोळे फिरणाऱ्या झोपेची पहिल्यांदा नीट नोंद केली. त्याची सुरुवातही झोपलेल्या बाळांच्या पापण्या बघत बसण्यातूनच झाली होती. ते काम आपण सगळ्याच आया फुकट करतो.

तर प्रत्येक फेरीच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं. झोपताना जसं होतं तसंच सगळं आत्ताही असेल तर कूस बदलून परत झोपतं. लोकलमध्ये डुलकी लागलेला माणूस गाडी थांबली की डोळे उघडतो, तसंच हलत्या मांडीवर झोपलेलं बाळ स्थिर गादीवर जागं होतं. मग ते मांडी मागतं. त्यात हट्ट वगैरे काही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींप्रमाणे पहिले ३ महिने १४ ते १७ तास, ४ ते ११ महिन्यांत १२ ते १६ तास आणि १ ते २ वर्षांत ११ ते १४ तास झोप लागते, दिवसाच्या झोपा धरून. म्हणजे शेजारच्या वहिनींचं बाळ १५ तास झोपतं आणि तुमचं साडेबारा, तरी दोघंही ठीक आहेत.

पहिले तीन महिने: फक्त दिवस-रात्र ओळखू द्या

सव्वा महिन्याच्या बाळंतिणीला ‘रूटीन लाव’ म्हणून सांगणं म्हणजे छळ आहे. बाळाच्या अंगातलं घड्याळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर कुठे लागायला लागतं. तोवर २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पाजायचंच आहे, आणि जन्माचं वजन परत भरून येईपर्यंत झोपेतून उठवूनही पाजायचं आहे.

या काळात एवढंच करा. सकाळी न्हाऊ घातल्यावर बाळाला खिडकीजवळच्या उजेडात घेऊन बसा. दिवसा घर गप्प करू नका, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत. रात्री मात्र झिरोचा बल्ब, गप्पा नाहीत, मोबाइल नाही, आणि शी झाली नसेल, लंगोट जड झाला नसेल तर बदलाबदली नाही. पाजा, ढेकर काढा, ठेवा.

दचकून उठणाऱ्या बाळाला दुपट्यात गुंडाळलं तर बरं झोपतं. छातीपाशी बेताचं आणि कमरेखाली सैल गुंडाळा, पाय बेडकासारखे वाकवता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून घट्ट बांधायची जुनी पद्धत खुब्याच्या सांध्याला वाईट. आणि बाळ पालथं व्हायची खटपट करायला लागलं की त्या दिवसापासून दुपटं बंद.

वेळ उलटी मोजा

आधी तीन दिवस नुसतं टिपून ठेवा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचे, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी: कधी उठला, कधी पेंगला. पेंगणं म्हणजे जांभई, डोळे चोळणं, कान ओढणं, आणि सगळ्यात आधी येणारी खूण म्हणजे शून्यात बघणं. खेळणं समोर असतं आणि नजर त्याच्या आरपार जाते. ती वेळ पकडायची. ती टळली की बाळ उधळतं, खिदळतं, घरातले म्हणतात, ‘बघ, झोप आलीच नाहीये त्याला!’ आलेली असते, आणि आता उतू जात असते.

दिवसाच्या शेवटच्या झोपेतून उठल्यावर रात्रीच्या झोपेपर्यंत चार-पाच महिन्यांचं बाळ साधारण २ तास जागं राहतं, सहा ते आठ महिन्यांचं अडीच ते ३ तास, वर्षाचं साडेतीन ते ४. समजा आठ महिन्यांच्या बाळाला साडेआठला झोपवायचं आहे, तर साडेपाच-पावणेसहाला ते उठलेलं हवं. आमच्या सासूबाई ‘तिन्हीसांजेला लेकरू झोपू देऊ नये’ म्हणायच्या. त्यांची कारणं लक्ष्मी येण्याची, माझं कारण साडेअकराचं, पण नियम एकच. अपवाद फक्त चार-पाच महिन्यांच्या बाळांचा. त्यांना संध्याकाळी अर्ध्या तासाची डुलकी लागतेच, घेऊ द्या आणि उठवा.

सात ते साडेआठ

अमेरिकेत झोपेच्या अभ्यासक जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४०५ आयांना घेऊन एक अभ्यास केला. रोज रात्री अंघोळ, मालिश आणि मग गाणं किंवा कुशीत घेणं, एवढाच ठरलेला क्रम. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपायला लागली, रात्री कमी उठायला लागली, आणि आयांची चिडचिडही कमी झाली. शेवटचं वाचून मी हा क्रम लावायला घेतला, खरं सांगते.

*सात वाजता उजेड उतरवा.* देवापाशी दिवा लागला की आमच्याकडे हॉलची ट्यूबलाइट बंद होते, कोपऱ्यातला पिवळा दिवा लागतो. झोप आणणारं मेलाटोनिन अंधार पडला की अंगात वाढतं आणि लख्ख उजेडाने दबतं. टीव्हीवर तोडगा काढायला आम्हाला आठवडा लागला. वन बीएचकेत सीरियल आणि बाळ दोन्ही मावत नाहीत. शेवटी सासूबाईंना ब्लूटूथचा हेडफोन आणून दिला. आता टीव्हीचा आवाज नसतो, त्याच मोठ्याने बोलतात. पण चालतं.

*सव्वासातला जेवण,* सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला. मऊभात, वरण, नाचणीची पेज, जे रोजचं असेल ते. नवा पदार्थ सकाळी द्यायचा, रात्री नाही. पोटात काही बिनसलं तर निदान दिवसाउजेडी कळतं.

*पावणेआठला पुसणं आणि तेल.* आपल्याकडे बाळाची खरी अंघोळ सकाळची, मालिशवाल्या बाईंच्या हातची, आणि ती काही शांत प्रकारात मोडत नाही. रात्री ती पुन्हा करायची गरज नाही. कोमट पाण्यात पंचा पिळून तोंड, मान, काखा, जांघा पुसा. मानेच्या वळीत सुकलेल्या दुधाची पांढरी रेघ असते, ती बोटाने उघडून बघा. तिथेच कोंदट होऊन लाल होतं आणि बाळ रात्री किरकिरतं. पावसाळ्यात तर पुसल्यावर प्रत्येक वळी कोरडी करायलाच हवी. मग तळहातावर खोबरेल तेलाचे चार थेंब चोळून फक्त पाय: मांडीपासून घोट्यापर्यंत लांब हात, तळव्यावर अंगठ्याने गोल. पाच मिनिटं. हात जड नको, वेग तर अजिबात नको. पायांना हात लागला की आता पुढे काय, हे धाकट्याला सात महिन्यांचा असल्यापासून कळतं. तो एक मोठा उसासा टाकतो, दमून ऑफिसातून आल्यासारखा.

कपडा एक, सुती. झोपताना कुंची किंवा टोपी नको, कारण बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातून बाहेर पडते. हात-पाय गार लागले म्हणून आणखी एक थर चढवू नका. मानेमागे हात घालून बघा. तिथे घाम असेल तर जास्त झालंय. पंखा चालतो. डासांसाठी मच्छरदाणी, उदबत्ती-कॉइलचा धूर नको. शेपा-ओव्याची धुरीही बंद खोलीत देऊ नका. वास छान असतो, पण धूर तो धूरच.

*आठला दूध.* अंधुक उजेडात, त्याच एका जागी बसून. पाजून झाल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर, आणि दहा मिनिटं तसंच. चार-पाच महिन्यांनंतर दूध हे शेवटचं काम ठेवू नका, त्याच्यानंतर गाणं येऊ द्या. नाहीतर ‘तोंडात दूध असल्याशिवाय झोप नाही’ ही सवय लागते आणि दर फेरीला तेच मागणं होतं. याहून लहान बाळ पिता पिता झोपलं तर झोपू द्या, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

*सव्वाआठला गाणं.* रोज तेच. आवाज कसाही असो. माझ्या नवऱ्याला एकही अंगाई येत नव्हती आणि मोबाइलवर लावून द्यायला मी मना केलं होतं. मग तो डोंबिवली स्लो, म्हणजे मुंबईच्या त्या लोकलची एकेक स्टेशनं, म्हणायला लागला. सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर… एका सुरात, प्रत्येक स्टेशनला थांबा घेत. पहिल्या आठवड्यात डोंबिवली येऊन गाडी परत फिरायची. तिसऱ्या आठवड्यात धाकटा भांडुपच्या आत झोपायला लागला.

ठेवायचं कसं

बाळ पेंगुळलेलं असताना ठेवा. डोळे जड, अंग सैल, मूठ अर्धी उघडलेली, पण अजून जागं. आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. उलटं केलं की पडल्यासारखं वाटून ते दचकतं. ठेवल्यावर लगेच हात काढू नका. एक तळवा छातीवर तसाच ठेवून स्वतः चार श्वास सावकाश घ्या. मग हाताचं वजन हलकं करत आणा.

रडलं तर? मी ‘रडू दे, आपोआप झोपेल’ करू शकले नाही. भिंतीपलीकडचे काका दार वाजवतात, हे एक कारण; मलाच जमत नाही, हे खरं. आम्ही थोपटणं हळूहळू उतरवलं, बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर. पहिले तीन दिवस पूर्ण झोपेपर्यंत थोपटलं, मात्र गादीवरच, उचललं नाही. पुढचे तीन दिवस डोळे मिटेपर्यंत थोपटून नंतर नुसता हात ठेवला. मग हात बाजूला, शेजारी बसणं आणि तेच गाणं. दहा-बारा दिवसांनी दाराशी बसून गाडी म्हणता येऊ लागली. मधे दोन रात्री पहिल्या पायरीवर परत गेलो, तेही धरून चला.

रात्री आवाज आला की लगेच झडप घालू नका. हुंकार, कण्हणं, पाय आपटणं हे पुष्कळदा झोपेतलंच असतं. मी मनात साठ आकडे मोजायचे. निम्म्या वेळा चाळिसाच्या आत शांत. उठलंच तर आधी हात, मग थोपटणं, मग भूक. सहा महिन्यांपर्यंत रात्रीचं दूध लागतंच, पुढेही वर्षापर्यंत बऱ्याच बाळांना एखाद वेळा लागतं.

झोपायची जागा

इथे मी थोडी कडक होणार आहे. बाळ उताणं झोपवा, प्रत्येक वेळी. गादी सपाट आणि टणक. वर्षाच्या आत उशी नको, आणि त्यात मोहरीची उशीही आली. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात, पण नाक-तोंड दबायचा धोका त्या हौसेपेक्षा मोठा आहे. डोकं एका बाजूने चपटं दिसत असेल तर दिवसा, जागेपणी, नजरेसमोर पालथं घाला. गोधडी, लोड, मऊ खेळणी गादीवरून उचला. बाळ आपणहून पालथं-उताणं दोन्ही व्हायला लागलं की झोपेत कुठल्याही बाजूला वळलं तरी चालतं, ठेवायचं मात्र उताणंच.

पाळणा सपाट तळाचा असेल तर उत्तम. झोका झोप यायला द्या, झोप लागताना थांबवा, आणि वर टांगलेल्या चिमणाळ्याच्या दोऱ्या हाताला येणार नाहीत एवढ्या वर बांधा. साडीची झोळी रात्रभरासाठी नको. तिच्यात पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपी जाणं तर सगळ्यात वाईट.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२२ चा सल्ला असा, की बाळ निदान सहा महिने आईबाबांच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपावं. आपल्याकडे एकाच गादीवर झोपणं सर्रास आहे, आणि ‘असं करूच नका’ एवढंच सांगून मी पुढे गेले तर तुम्ही तसंच कराल. म्हणून सांगते: धोका त्यात आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, घरात कुणी सिगारेट ओढत असेल, शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, तर मुळीच नाही. नाहीतर टणक गादी जमिनीवर, बाळ भिंतीला न चिकटता आईच्या बाजूला, तुमची उशी-पांघरूण त्याच्यापासून लांब, आणि मधे थोरलं भावंड नको.

झोपेसाठी काहीही पाजू नका

जायफळ उगाळून देणं अजून घराघरांत आहे. जायफळात गुंगी आणणारी द्रव्यं असतात आणि सहाणेवर दोन वळसे जास्त पडले की मात्रा वाढते, बाळाच्या अंगाला ती कळते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पाळीभर बाळ झोपून राहावं म्हणून अफूच्या बाळगोळ्या देत. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे आहे. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणीसुद्धा नको. आणि खोकल्याचं औषध ‘जरा झोप लागेल’ म्हणून कधीच नाही.

बाबा साडेनऊला येतात तेव्हा

माझ्या मते रूटीन मोडतं ते इथे. दिवसभर लेकरू बघितलं नाही म्हणून आल्याआल्या उचलून हवेत उडवणं, आणि त्यानंतर दोघांनी बाराला भांडणं. आमच्याकडे ठरलं: बाबा पावणेआठपर्यंत घरात असतील त्या दिवशी तेल आणि गाडी त्यांची, नाहीतर सकाळी सहा ते सात बाळ पूर्ण त्यांचं. काही घरांत उलटं बरं पडतं. सगळंच दीड तास पुढे ढकलून दहाला झोपवतात आणि बाळ सकाळी आठला उठतं. तेही ठीक आहे. घड्याळातला आकडा महत्त्वाचा नाही, रोज तोच असणं आणि त्याआधीचा क्रम तोच असणं पुरतं.

आणि हा क्रम घरातल्या निदान दोघांना येऊ दे. फक्त आईच्याच हाताने झोपणारं बाळ आईला ताप आला की सगळ्या घराला जागवतं.

बिघडणारच

चौथ्या महिन्यात झोपेची घडण बदलते, नीट झोपणारं बाळ अचानक दर तासाला उठायला लागतं. रांगायला लागलं की मध्यरात्री गादीवर सराव चालतो. दात, सर्दी, लसीचा दिवस. त्या दिवसांत हवं तितकं कुशीत घ्या आणि बरं वाटल्यावर दुसऱ्या रात्रीपासून पुन्हा तेल, दूध, गाणं. गणपतीत गावी गेलो तेव्हा आरत्या, मामे-मावस भावंडं आणि ढोलकी यांच्यापुढे आमचं काही चाललं नाही. पण तेच दुपटं, तेच तेल आणि तीच स्टेशनं बरोबर होती. परत आल्यावर तीन दिवसांत गाडी रुळावर.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, बाळ उठवूनही नीट उठत नसेल, दूध ओढत नसेल, श्वास जोरात चालला असेल किंवा झोपेत थांबून थांबून येत असेल, तर रूटीनचा विचार बाजूला ठेवून तेव्हाच डॉक्टरांकडे जा. रोज घोरणं हेही एकदा दाखवून घेण्यासारखं. आणि दोन-तीन आठवडे आईला बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. ते ‘बाळंतपणात होतंच’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

धाकटा आता चौदा महिन्यांचा आहे. परवा शनिवारी खोलीतून आवाज येईना म्हणून मी दार ढकलून पाहिलं. झिरोच्या उजेडात नवरा भिंतीला टेकून घोरत होता. घाटकोपरलाच झोप लागली असावी, कारण धाकटा कठड्याला धरून उभा होता आणि विक्रोळीची वाट बघत होता.